साडेपाच फुटी बोळातली बग्गी

"समस्त कुटुंबीय, शेजारीपाजारी आणि दोरीवरच्या चादरी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराच्या बाजूच्या साडेपाच फूट रुंद बोळात आजपासून मोटारीचा कारखाना सुरू होत असून, पुढील सूचना मिळेपर्यंत धुणी गच्चीवर वाळतील!"

ही घोषणा मी जेवता जेवता उभा राहून, डावा हात छातीवर ठेवून केली. उजव्या हाताला वरण लागलेलं होतं. बायको म्हणाली, "अहो, आधी भाकरी संपवा." माझे वडील, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, त्यांनी ताटातून नजर न उचलता विचारलं, "मोटार कशाला?"

"तुम्हाला शेतात न्यायला."

दादांनी घास चावला, गिळला आणि दुसरा मोडला. एवढं मोठं भाषण करून मला मिळालेली दाद ही एवढीच.

कारण सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी दादा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसली, हातात वॉकर आला, आणि डॉक्टरांनी तीन गोष्टी बंद केल्या: उकिडवं बसायचं नाही, उंच चढायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही. आमचं शेत केजपासून नऊ-दहा किलोमीटरवर. डांबरी फाट्यापर्यंत कुणीही नेईल. पण फाट्यापासून पुढं दीड किलोमीटर दोन बांधांच्या मधून गेलेली गाडवाट आहे, आणि ती इतकी अरुंद की जीप शिरत नाही. मोटारसायकलवर दादांचा पाय पलीकडं जात नाही. ट्रॅक्टर उंच. बैलजोडी आम्ही कधीच विकली. मी एकदा सुचवलं होतं की खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ. दादा म्हणाले, "चौघांनी उचलून न्यायचा कार्यक्रम एकदाच आसतो. त्याची तालीम कशाला?"

तर दादा दोन हिवाळे शेतात गेले नाहीत. म्हणजेच त्यांनी दोन हिवाळे हुरडा खाल्ला नाही. पिशवीत घालून घरी आणलेला हुरडा मी त्यांच्यापुढं ठेवून पाहिला. त्यांनी पिशवीकडं असं बघितलं की मला वाटलं मी त्यांच्यापुढं मेलेला उंदीर ठेवलाय. "हुरडा घरी? मग लग्नाच्या आक्षता बी टपालानं धाडत जा." हुरडा आगटीजवळ बसून, हाताला चटके घेत, ज्वारीच्या रानात खायचा, असा त्यांचा नियम. नियम बदलायला ते तयार नव्हते आणि खुबा बदलायला डॉक्टर. राहता राहिलं वाहन.

अशा वेळी मला फोनवर बग्गी दिसली. घोड्याची नव्हे. पाइपांचा उघडा सांगाडा, चार चाकं, जमिनीलगत दोन सीटा. खुर्चीत बसावं तसं बसायचं, चढायचं काहीच नाही. एक वर्कशॉपवाला तिचे पाइप कापून, वाकवून, नंबर टाकून पाठवत होता. इंजिन आपलं आपण बघायचं आणि घरी जोडायचं. रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, शेतात चालवा. मला तरी कुठं पुण्याला जायचं होतं! रुंदी चार फूट दोन इंच. मी फाट्यावर जाऊन गाडवाट मापली: साडेचार फूट. घराच्या बोळाचं फाटक मापलं: साडेचार फूट. एवढा योग पत्रिकेतही जुळत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळं कागदावर मला काहीही जमतं. लोखंडावर जमावं म्हणून मी स्टँडमागच्या मिस्त्रीला गाठलं. पन्नाशीचा, काडीसारखा माणूस; वेल्डिंगचा काळा चष्मा कायम कपाळावर, जणू तिसरा आणि चौथा डोळा. त्यानं माझं रंगीत चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"गुरुजी, तस्वीर तर लई खूबसूरत हाय. हिला इंजिन कुठं हाय?"

"ते तुम्ही आणायचं."

"वा रे वा! आन् गाडी कोन बनवनार?"

"आपण दोघं."

त्यानं मला पोटापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हंजी मी."

दिवाळीच्या सुट्टीत किट आलं. टेम्पोवाल्यानं पाइपांच्या मोळ्या फाटकात टाकल्या, वर नट-बोल्टांचं एक पोतं टाकलं आणि विचारलं, "मांडव हाय का घरी?" मिस्त्रीनं समोरून चेपलेल्या एका जुन्या पेट्रोल रिक्षाचं इंजिन आणलं. गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला. पुढं जायला चार गिअर, मागं यायला एक. ते ठेवायला जमिनीवर जागा नव्हती. म्हणून बोळावर आलेल्या स्लॅबच्या हुकाला साखळीची कप्पी बांधून ते डोक्यावर टांगलं, आणि त्याच्याखाली सांगाडा जोडायला घेतला.

आता बोळाची रचना समजून घ्या. एका अंगाला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत. एका टोकाला गल्लीत उघडणारं फाटक, दुसऱ्या टोकाला धुण्याचा दगड आणि मागचं दार. सांगाडा मध्ये उभा राहिला की दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच उरायचे. मिस्त्री त्यातून कागदासारखा सरकायचा. माझं पोट आठ इंचांत मावत नाही. हे मी प्रयोग करून सिद्ध केलं; प्रयोग संपवायला मिस्त्रीला माझा पाय धरून ओढावं लागलं. त्यानंतर मला पुढून मागं जायचं असलं की फाटकातून गल्लीत, गल्लीतून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात आणि मागच्या दारानं पुन्हा बोळात, अशी प्रदक्षिणा. दिवसातून वीस वेळा मी ग्रीसचे हात वर धरून, दरोडेखोरांनी पकडलेल्या माणसासारखा, बायकोच्या ओट्यासमोरून जायचो.

शेवटी तिनंच तोडगा काढला. नट-बोल्ट आवळायचे सगळे पाने तिनं खिडकीत, मसाल्याच्या डब्याशेजारी मांडून घेतले. या बाजूनं हाक आली की या गजातून द्यायचे, त्या बाजूनं आली की त्या. पहिल्या आठवड्यात ती "हा का? का हा?" विचारायची. तिसऱ्या आठवड्यात मी नुसतं "पाना" म्हणालो तर आतून कडक आवाज आला, "दहा-अकरा का बारा-तेरा? नीट सांगा, माझी फोडणी जळतीय."

आणि या सगळ्यावर घड्याळासारखा एक फोन टिकटिकत होता. शेतावरचा आमचा सालगडी रोज सकाळी दादांना फोन करायचा. दादा तो स्पीकरवर टाकायचे, म्हणजे बोळात आम्हालाही ऐकू येईल.

"दादा, कणसं बाहेर पडायलीत."

पुढं, "दादा, दाणा दुधात हाय."

हुरड्याला ज्वारीचा दाणा दुधाचा सरून कोवळा, हिरवा असावा लागतो. ते दिवस फार तर पंधरा-वीस. एकदा दाणा निबर झाला की त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. म्हणजे आमची मुदत कुणी माणसानं घातलेली नव्हती. वाढवून मागायला अर्ज करायची सोयच नव्हती. दाणा दुधात असल्याचा फोन आला त्या दिवशी आमच्या गाडीला पुढची चाकं होती, मागची नव्हती. मी मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ठिणग्या उडायला लागल्या. त्या दिवसापासून मी शाळा सुटली की चहासुद्धा बोळातच उभ्यानं प्यायलो.

सांगाडा पुरा झाला. मागचा दांडा बसला, स्टिअरिंग बसलं. आता टांगलेलं इंजिन खाली सोडायचं, एवढंच. तेव्हा दादा वॉकर टेकत टेकत प्रथमच पाहणीला आले. फाटकाशी थांबून त्यांनी गाडी पुढून पाहिली.

"हिचं तोंड कुणीकडं हाय?"

"फाटकाकडं दादा. थेट बाहेर पडायला सोपं."

"फाटक दक्षिणेला हाय."

खिडकीतलं खलबत्त्याचं कुटणं थांबलं.

"दादा, गाडी आहे ती. फिरली की सगळ्याच दिशांना तोंड होणार."

"चालती तवाचं चालती. घडती तवा तोंड नीट पायजे. दक्षिणेला यम बसलाय. त्याला मी हून कशाला तोंड दाखवू? आधीच त्यो मला हुडकायलाय."

मी आशेनं मिस्त्रीकडं पाहिलं. तो हात पुसत म्हणाला, "बुजुर्ग बोलले तर बोलले, गुरुजी. फिरवू."

खिडकीतून बायको म्हणाली, "मलाही ते खटकतच होतं." आता तिला कधी खटकत होतं, हे मला आजही माहीत नाही.

साडेपाच फुटांत दहा फुटी गाडी फिरत नाही. तेव्हा गल्लीतले सहा जण गोळा केले. कप्पीची साखळी ओढून इंजिन आणखी वर घेतलं, त्याच्याखालून सांगाडा फाटकाबाहेर काढला, भर गल्लीत तो सहा जणांच्या हातांवर गोल फिरला, आणि उत्तरेकडं तोंड करून परत बोळात गेला. एका सायकलवाल्यानं उतरून नमस्कार केला. त्याला पालखी वाटली असावी. सगळ्यांना चहा झाला. मिस्त्रीनं सांगाड्यावर चार आडव्या पट्ट्या मारल्या, साखळी सैल केली आणि इंजिन सावकाश त्यांच्यावर येऊन बसलं. मी बोल्ट आवळला. दादांनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी फोन आला, "दादा, हुरड्यात आलं बघा!"

मग केबली, पेट्रोलची टाकी, ब्रेक. रोज काहीतरी एक वस्तू कमी पडायची आणि ती आणायला मी स्कूटरवर आंबाजोगाईला जायचो. असे दहा-बारा दिवस गेले. अखेर एका रविवारी सकाळी सगळं जागच्या जागी होतं. बायकोनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीचं तोंड मागच्या दाराकडं, म्हणून ठरलं असं की आधी पहिल्या गिअरमध्ये दोन फूट पुढं घेऊन लिंबू चिरडायचं, मग मागं घेत फाटकाबाहेर यायचं. फाटक सताड उघडं. गल्लीत बघ्यांची गर्दी. दादा घरापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले.

मी आसनस्थ झालो. गर्दीकडं मागं वळून, मान झुकवून अभिवादन केलं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

आणि गाडी अत्यंत डौलात मागं निघाली. लिंबू होतं तिथंच राहिलं. बघे भिंतींना चिकटले, मी फाटकातून उलटा बाहेर आलो, गल्ली ओलांडली आणि समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगाला टेकून थांबलो.

"रिव्हर्स कावून टाकलास बे?" दादा ओट्यावरून ओरडले.

"पहिला टाकलाय, दादा!"

"मग दुसरा टाक!"

दुसरा टाकला. गाडी वाळूत आणखी वीतभर शिरली.

मिस्त्री हळूहळू चालत आला. गाडीमागं उकिडवा बसला. मग त्यानं खांद्यावरचा कपडा काढून तोंडावर घेतला, आणि कपड्याआडून आवाज आला, "गुरुजी, सांगाडा फिरवला आपन. इंजिन कोन फिरवलं? ते तर वर टांगलेलं हुतं."

झालं होतं ते एवढंच. गाडी उत्तरेला बघत होती आणि तिचं इंजिन अजून दक्षिणेला. चारही पुढचे गिअर तिला मागं नेत होते. पुढं नेणारा गिअर एकच उरला होता, मागं यायचा. गल्ली हसून हसून खाली बसली. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात दादांचा फोन वाजला आणि त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"दादा, वरलं रान निबर झालं. पाटाच्या कडंला चार वळी ऱ्हायल्यात, मागून हातानं टोबलेल्या. उद्या, लई तर परवा. म्होरं दाताला लागंल."

मी मिस्त्रीला विचारलं, इंजिन फिरवायला किती दिवस? पट्ट्या कापायच्या, नव्या मारायच्या, केबली, पाइप. "हप्ता धरा," तो म्हणाला, आणि जमिनीकडं बघू लागला.

दादा उठले. वॉकर पुढं टाकला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "फुडल्या साली बघू." आणि आत गेले.

दादांचं वय एक्याऐंशी. त्यांच्या तोंडून "फुडल्या साली" मी हजारदा ऐकलं असेल, विहिरीबद्दल, बांधाबद्दल, लिंबाच्या कलमांबद्दल. त्या दिवशी ते शब्द मला बसल्या जागी टोचले. मी वाळूतून उठलो.

"मिस्त्री, मागचा गिअर टाकून बघू."

"गुरुजी, त्यो गिअर गाडी पार्किंगमधून काढायला आसतो. त्याच्यावर कोन गावाला जातं काय?"

"दीड किलोमीटर."

"गरम होईल."

"थांबू. निवलं की परत निघू."

गल्लीतच चालवून पाहिली. गाडी पुढं गेली. रडत, किंचाळत, म्हाताऱ्या म्हशीच्या चालीनं, पण पुढं. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बग्गी टेम्पोत चढवली आणि दादा, बायको, चटणीचा डबा जीपमध्ये. फाट्यावर दादांना आम्ही बग्गीपाशी उभं केलं. त्यांनी वॉकर सोडला, सीटच्या कडेला हात टेकला आणि बसले. नुसते बसले! ना चढणं, ना हिसका. धोतर सावरलं, उपरणं गळ्याभोवती घेतलं आणि समोर बघत म्हणाले, "चल."

पुढं मिस्त्री पायी, वाटेतले दगड बाजूला करत. मध्ये आमची स्वारी. मागं बायको, पाण्याची घागर घेऊन, कारण मिस्त्रीनं तिला सांगितलं होतं की जवळ पाणी असू द्या. कशाला ते त्यानं सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंना तूर, आणि चाकांपासून बांधापर्यंत दोन बोटं जागा. स्टिअरिंग मी असं धरलं होतं की आजही ती बोटं पूर्ण सरळ होत नाहीत.

पहिल्या दोन बांधांनंतर इंजिन तापलं. थांबलो. शेजारच्या रानातला एक भाऊबंद हातातलं खुरपं ठेवून बघायला आला.

"गुरुजी, पायी निघाले असते तर आत्तापतोर जाऊन माघारी आले असते की!"

दादा म्हणाले, "तू चाल पायी. आमी गाडीवाले हाओत. आन् तुझी तूर कावून अशी पिवळी पडलीय? मूळ बघ तिचं."

तो तूर बघायला गेला. दादांना पुन्हा पालवी फुटली होती. पुढं प्रत्येक थांब्यावर असंच. कुणाचा बांध सरकलाय, कुणी उसाला पाणी जास्त दिलंय, कुणाच्या विहिरीचं तोंड ढासळलंय. दोन वर्षांची पाहणी ते एका सकाळीत उरकत होते. आणि मध्येच दर मिनिटाला, "निवलं का?"

"थोडं थांबा, दादा."

"दाणा थांबल का?"

शेवटचा अर्धा किलोमीटर राहिला तेव्हा ती बंदच पडली. लांबवर आमच्या रानातून आगटीचा धूर निघालेला दिसत होता. सालगड्यानं गोवऱ्या पेटवून ठेवल्या होत्या. मी किल्ली फिरवली. नुसती खरखर. मिस्त्रीनं बायकोकडून घागर घेतली, कपडा भिजवून इंजिनाभोवती गुंडाळला आणि काहीतरी पुटपुटला. प्रार्थना होती की शिवी, ते मी विचारलं नाही. अर्धा तास गेला. दादा धुराकडं बघत होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही सुरू झाली नाही तर मी, मिस्त्री, तो भाऊबंद आणि जो भेटेल तो, अशी ढकलत नेऊ. पण आज दादा त्या धुरापर्यंत जाणार.

चौथ्या किल्लीला ती किंचाळली. इतका गोड आवाज मी शाळेच्या संमेलनातही ऐकलेला नाही.

रानात शिरलो. गाडी थेट पाटाच्या कडेला, आगटीशेजारी नेली. दादा तिच्यातच बसून राहिले, आगटी त्यांच्या गुडघ्यापासून हातभर. त्या उशिरा पेरलेल्या चार ओळी अजून हिरव्या होत्या. सालगड्यानं कणसं निखाऱ्यांत खुपसली, उलटली, काढली, पोत्यावर घेऊन तळव्यांनी चोळली. हिरवे दाणे वाफाळत सुटले. त्यानं फुंकर मारून भुसा उडवला आणि पहिली मूठ दादांच्या ओंजळीत टाकली. बायकोनं वरून शेंगदाण्याची चटणी ठेवली.

दादांनी ओंजळ नाकाशी नेली. मग तोंडात टाकली. डोळे मिटून चावू लागले. आम्ही चौघं समोर उभे. निबर लागला तर? मी त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. तो थांबला नाही. दुसरी मूठ. तिसरी. मिस्त्रीनं मला हळूच कोपर मारलं. मी छाती काढली. आता गाडीबद्दल, मुलाबद्दल, सुनेबद्दल, मिस्त्रीच्या हाताबद्दल काहीतरी कानावर पडणार, अशा तयारीनं चेहरा नम्र करून ठेवला.

दादांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग सालगड्याकडं. चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि ते सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडले, "म्हंजी दोन सालं तुमी समदे हे मला सोडून खात हुता व्हय बे?"